राष्ट्रीय उद्यानातले दुर्मीळ भुंगेरे: मुंबईत सर्वेक्षण कसं करावं

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यातले भुंगेरे मोजायचे असतील तर काम फेब्रुवारीत सुरू करावं लागतं. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो आणि पहिल्या दोन-तीन दमदार सरींनंतरचे आठ-दहा दिवस भुंगेऱ्यांसाठी वर्षातले सगळ्यात मोलाचे असतात. त्या दिवसांत परवानगीचा कागद हातात नसेल, तर पुढची संधी थेट पुढच्या जूनमध्ये.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम एकच आहे: आधी जागा, मग भुंगेरा. प्रौढ भुंगेरा बऱ्याचदा वर्षातून काही आठवडेच दिसतो. त्याच्या अळीचं बीळ, तिचं कुजकं लाकूड, तिचा ओलसर पालापाचोळा मात्र महिनोन्‌महिने तिथेच असतो. जागा ओळखता आली की भुंगेरा सापडण्याची शक्यता वाढते, आणि नाही सापडला तरी हाती उपयोगी माहिती राहते.

कागदपत्रं

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी जाण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. कलम ३५ मुळे हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. महाराष्ट्राचं हे कार्यालय नागपूरला आहे. अर्ज तिकडे करा आणि त्याची प्रत बोरिवलीच्या उद्यान कार्यालयात द्या. नुसतं ‘भुंगेऱ्यांचा अभ्यास’ असं लिहिलेला अर्ज प्रश्नांसकट परत येतो. म्हणून अर्जातच हे सगळं द्या: कोणता गट शोधणार, कोणत्या जागा (अक्षांश-रेखांशासह), किती सापळे, किती खोल खड्डे, किती रात्री, किती माणसं, जिवंत पकडून सोडणार की नमुने ठेवणार, ठेवणार तर प्रत्येक जातीचे कमाल किती. रात्रीचं काम आणि दिव्याचा वापर वेगळा मागा. दिवसाच्या परवानगीत तो येतो असं गृहीत धरू नका.

दोन जागांबद्दल आधीच विचारून ठेवा. कान्हेरी लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत, तिथे बोटभरही खणायचं नाही. तुळशी आणि विहार हे तलाव महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचे आहेत. त्यांच्या काठावर काम असेल तर पालिकेचीही संमती लागेल.

कायद्याच्या अनुसूचीत काही भुंगेऱ्यांची नावं पूर्वीपासून आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या याद्या बाजूला ठेवा आणि आजच्या राजपत्रातली अनुसूची छापून सोबत ठेवा.

जुन्या नोंदी वाचताना

जंगलात जाण्याआधी जुन्या नोंदी चाळाव्या लागतात. इथे एक खड्डा हमखास असतो. ब्रिटिशकाळातल्या वर्णनांत आणि संग्रहालयातल्या लेबलांवर ‘बॉम्बे’ एवढंच लिहिलेलं असलं, तर ते शहर असेलच असं नाही. मुंबई इलाखा सिंधपासून कारवारपर्यंत पसरला होता, सिंध १९३६ पर्यंत त्यात होता. ‘बॉम्बे’ वाचून एखादी जात उद्यानातून नाहीशी झाली असं जाहीर करणं म्हणजे ती इथे होती हे सिद्ध न करताच तिचा मृत्यू नोंदवणं. लेबलावर ठाणे, साष्टी, अंधेरी असं नेमकं गाव असेल तरच ती नोंद इथली धरा. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, या दोन ठिकाणचे संग्रह पाहिल्याशिवाय यादी पक्की करू नका.

गट एकच निवडा

सगळे भुंगेरे एकाच फेरीत मोजायला निघालेली तुकडी शेवटी काहीच धड मोजत नाही. उघड्या जमिनीवर पळणारे टायगर बीटल, शेणकिडे, मेलेल्या लाकडातले भुंगेरे, काजवे (काजवा हाही भुंगेराच), आणि दिव्यावर येणारे. प्रत्येकाची पद्धत वेगळी, वेळ वेगळी, महिनाही वेगळा. काजव्यांसाठी मेअखेर ते जूनचा मध्य. सोनपाखरं (चमकदार पाठीचे, लाकडात वाढणारे भुंगेरे) आणि शेणकिड्यांसाठी पहिल्या सरी ते जुलै. टायगर बीटलचे प्रौढ पावसाळ्यात, पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी. लाकूड तपासायचं डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा पायवाटा मोकळ्या असतात आणि पानं गळल्याने ओंडके दिसतात. पहिल्या वर्षी एक गट, फार तर दोन.

जागेची नोंद

नकाशावर उद्यानाचे अधिवास आधी वेगळे करा: साग-ऐन-बिवळ्याचं मिश्र पानझडी रान, ओढ्याकाठचं दाट सावलीचं रान, कातळाचे उघडे माथे, कारवीचे उतार, पाड्यांजवळचा गुरं चरणारा माळ. प्रत्येक प्रकारात निदान तीन ठिकाणं घ्या आणि ती एकमेकांपासून ३०० मीटर तरी दूर असू द्या. सगळी ठिकाणं रस्त्यालगत घेण्याचा मोह होतो. मग आकडे रानाचे न राहता रस्त्याच्या कडेचे होतात.

प्रत्येक ठिकाणी नोंदवा: सावलीची टक्केवारी, पाल्याची जाडी (पट्टी उभी खुपसून पाच जागी मोजा आणि सरासरी काढा), पाच सेंटिमीटर खोलीवरचं मातीचं तापमान, मातीचा पोत, उताराची दिशा, पडलेल्या लाकडाचं प्रमाण, गुरांच्या आणि हरणांच्या विष्ठेच्या खुणा. दाट रानात जीपीएस चालू करून लगेच आकडा लिहिला तर चूक वीस-तीस मीटरची होऊ शकते. दोन मिनिटं थांबा, चूक दहा मीटरच्या आत आली की लिहा आणि ती किती होती हेही लिहा.

कारवीकडे खास लक्ष द्या. आपल्याकडची कारवी आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मग मरते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. त्यानंतर उभे राहिलेले वाळके दांडे म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्यांना पुढची काही वर्षं मिळालेलं नवं घर आहे. ही संधी पुन्हा आठ वर्षांनीच.

टायगर बीटल: चालत मोजणी

दोनशे मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्टा घ्या. सकाळी दहा ते दुपारी एक, ऊन जमिनीवर पडलेलं असताना. पट्टा पस्तीस-चाळीस मिनिटांत संपवा, दोन्ही टोकांना वेळ आणि तापमान लिहा. आपली सावली मागे पडेल अशा दिशेने चाला. हे भुंगेरे माणूस जवळ येताच उडतात, तीन-पाच मीटर पुढे उतरतात आणि बऱ्याचदा तुमच्याकडे तोंड करून बसतात. एकच भुंगेरा पुढे पुढे उडत पाच वेळा मोजला जाणं ही नेहमीची चूक. उडालेला कुठे उतरला हे जोडीदाराने पाहायचं आणि तो पट्ट्याबाहेर जाईपर्यंत त्याला पुन्हा मोजायचं नाही.

प्रौढापेक्षा बीळ जास्त खात्रीचं. टणक, उघड्या मातीत अळीचं बीळ असतं: दोन ते सहा मिलिमीटर व्यासाचं, कंपासने आखल्यासारखं गोल, कडेला मातीचा ढीग नाही, कारण अळी माती लांब फेकते. कोळ्याच्या बिळाला रेशमाचं अस्तर असतं, मुंग्यांच्या भोकाभोवती मातीची चुंबळ असते. बिळाच्या तोंडाशी अळीचं सपाट डोकं आणि मानेचं कवच जमिनीच्या पातळीत बसलेलं असतं, डबीला झाकण बसावं तसं. तुमची सावली पडली की झाकण क्षणात खाली जातं आणि काळं भोक उरतं. हलू नका. पाच-दहा मिनिटांत झाकण सावकाश वर येतं, आधी जबड्यांची टोकं, मग डोकं. पाठीवरच्या कुबडाला असलेल्या आकड्यांनी अळी बिळाच्या भिंतीला घट्ट धरून बसलेली असते, म्हणून काडी घालून तिला ओढायला जाऊ नका. ओढाताणीत अळी फाटते. एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून बिळं मोजा, व्यास व्हर्नियरने घ्या, एवढं पुरे. बिळांवरून कोणी चालणार नाही असा मार्ग ठरवा आणि तो वनरक्षकांनाही दाखवा. एका पावसाळ्यात पायवाट अर्धा मीटर सरकली तरी सगळी वसाहत तुडवली जाऊ शकते.

शेणकिडे: खड्डासापळे

साहित्य प्रत्येक सापळ्यामागे: अर्ध्या लिटरचे दोन प्लॅस्टिक कप (तोंड साधारण नऊ सेंटिमीटर), पंधरा सेंटिमीटर चौरस छप्पर, तीन-चार तारेच्या खुंट्या, दीड-दोन सेंटिमीटर भोकांची जाळी, सुती फडक्याची पुरचुंडी, शंभर ग्रॅम ताजं शेण.

खड्ड्यात बाहेरचा कप बसवा, त्याच्या तळाला चार भोकं पाडा आणि खाली मूठभर खडी टाका. त्यात दुसरा कप बसवा, म्हणजे तपासताना फक्त आतला उचलता येतो आणि खड्ड्याची कड ढासळत नाही. कपाची कड जमिनीच्या पातळीत किंवा दोन मिलिमीटर खाली हवी. कड वर राहिली तर भुंगेरा तिला वळसा घालून निघून जातो, आणि सापळे रिकामे राहण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. शेणाची पुरचुंडी कपाच्या तोंडावर पसरलेल्या जाळीला अशी टांगा की ती कपाच्या मधोमध लोंबेल. तळाला लागली तर किडे तिच्यावर चढून बाहेर येतात. छप्पर जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर.

संरक्षित क्षेत्रात सापळा कोरडा आणि जिवंत पकडणारा हवा. साबणपाणी किंवा अल्कोहोल घातलेला कप दुर्मीळ जातीचा शोध घेता घेता तिलाच कमी करतो. आत ओली पानं आणि दोन काटक्या टाका, म्हणजे किड्यांना लपायला जागा मिळते. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, दोन्ही वेळा तपासणी झालीच पाहिजे. दोन तपासण्यांमुळे दिवसाचे आणि रात्रीचे किडे वेगळे कळतात, हा फायदाही मोठा आहे. जाळीमुळे बेडूक, सापसुरळ्या आणि चिचुंद्र्या आत पडत नाहीत. मात्र कॅथार्सियससारखे मोठे शेणकिडे दोन सेंटिमीटरच्या भोकातही अडू शकतात, म्हणून जाळीच्या वर बसलेलेही मोजा.

शेणाच्या सापळ्यांत किमान पन्नास मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाचा वास दुसऱ्याचे किडे ओढून घेतो. एका ठिकाणी पाच सापळे, तीन रात्री, म्हणजे पंधरा सापळा-रात्री. शेण दर चोवीस तासांनी बदला.

शेण कुठून आणता याला फार महत्त्व आहे. आरे किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यातून म्हशीचं शेण सहज मिळतं. पण जनावराला आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक दिलं असेल तर ते शेणातून उतरतं आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतं. गेल्या महिनाभरात औषध दिलेलं नाही असं तबेलेवाल्याकडून नीट विचारून घ्या आणि संपूर्ण सर्वेक्षणाला एकाच तबेल्याचं शेण वापरा. उरलेलं शेण रानात टाकू नका.

मुंबईच्या पावसात काय बिघडतं तेही सांगायला हवं. एका जोराच्या सरीत उतारावरचा पाण्याचा लोंढा कप भरून टाकतो आणि किडे बुडतात. सापळा उताराच्या घळीत न लावता घळीच्या बाजूच्या उंचवट्यावर लावा आणि आतल्या कपाला कडेपासून एक तृतीयांश उंचीवर बारीक जाळी लावलेलं भोक पाडा, जादा पाणी तिथून जातं. हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या रात्री कप उपडे करून बंद ठेवा आणि ती रात्र मोजणीतून वगळा. मुंग्या अडकलेल्या किड्यांना कुरतडतात. वारूळ दिसलं तर सापळा पाच मीटर तरी हलवा. रानडुकरं आणि माकडं पुरचुंडी पळवतात, म्हणून जाळी चारही कोपऱ्यांना खुंटीने ठोका. उखडलेला सापळा ‘शून्य’ लिहू नका, ‘बिघडला’ लिहा. या दोन्हींची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित चुकतं.

मेलेलं लाकूड

पडलेला ओंडका हा एका संपूर्ण समूहाचा निवारा असतो आणि सर्वेक्षण करणाराच तो सगळ्यात लवकर उद्ध्वस्त करू शकतो. साल सोलायची नाही, कुऱ्हाड-छिन्नी न्यायची नाही. ओंडक्याची लांबी आणि मध्यावरचा व्यास मोजा, झाड ओळखता आलं तर नाव, साल किती टक्के शिल्लक, ऊन किती वेळ लागतं. कुजण्याची पायरी चाकूने पाहा: टोक आत जातच नाही, थोडं जातं, पातं अर्धं जातं, पूर्ण जातं, लाकूड हाताने चुरगळतं. अशा पाच पायऱ्या.

मग भोकं वाचा. इंग्रजी डी अक्षरासारखं किंवा चपटं लंबगोल भोक सोनपाखरांच्या कुळाचं असण्याची शक्यता जास्त. मोठं गोल किंवा लंबगोल भोक लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं. आंब्याच्या खोडात दिसणारा बॅटोसेरा याच कुळातला. दोन मिलिमीटरहून लहान गोल भोकं सालीखालच्या बारीक भुंगेऱ्यांची. भोकाखाली ताजा, फिकट भुसा असेल तर आत कोणीतरी आहे. भुसा करडा आणि पावसाने दबलेला असेल तर ते निघून गेलेले आहेत.

ओंडका उलटायचाच असेल तर स्वतःकडे उलटा, म्हणजे उघडणारी बाजू पलीकडे राहते आणि खाली घोणस किंवा फुरसं असेल तर ते तुमच्यापासून दूर जातं. हात कधीही खाली घालू नका, काठी वापरा. एका ठिकाणी तीनपेक्षा जास्त ओंडके नकोत आणि प्रत्येक ओंडका पाच मिनिटांच्या आत होता तसा, त्याच बाजूने, त्याच खळग्यात परत बसवा. चांगल्या कुजलेल्या लाकडात कधी काळे चकचकीत, पाठीवर खोल समांतर रेघा असलेले पॅसॅलिड कुळातले भुंगेरे दिसतात. नर, मादी आणि अळ्या एकाच बोगद्यात राहतात, प्रौढ चघळलेलं लाकूड अळ्यांना पुरवतात. कानाजवळ धरला तर चीं-चीं आवाज स्पष्ट येतो. आवाज ऐका, फोटो घ्या आणि त्याच बोगद्याच्या तोंडाशी सोडा; कुटुंबातून वेगळा काढलेला प्रौढ म्हणजे मागे उपाशी राहिलेल्या अळ्या.

रात्रीचं काम

उद्यानात बिबटे आहेत. संध्याकाळनंतर तिघांपेक्षा कमी माणसं नकोत आणि सोबत वनरक्षक हवाच. एक जण वाकून काम करतो तेव्हा दुसरा उभा राहून चौफेर बॅटरी फिरवतो. बसलेला माणूस लहान प्राण्यासारखा दिसतो.

काजव्यांसाठी दिवा आणि पांढरा कापड दोन्ही नको. जूनच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, म्हणून पावणेआठ ते पावणेनऊ ही वेळ धरा. एका जागी उभं राहून दहा मीटरच्या वर्तुळातल्या चमका पाच मिनिटं मोजा, तीन वेळा. बॅटरीला लाल जिलेटीन लावा आणि मोजणीत तीही बंद. ठाण्याच्या आणि बोरिवलीच्या बाजूने शहराचा उजेड आत येतो, म्हणून प्रत्येक जागी आकाश किती उजळ आहे तेही लिहा.

दिव्याच्या सापळ्यासाठी दोन बाय दीड मीटरचं पांढरं कापड, यूव्ही एलईडी, अमावास्येच्या आगेमागे पाच दिवस, संध्याकाळी साडेसात ते दहा. दर पंधरा मिनिटांनी मोजा. पाली आणि बेडूक कापडाखाली जमतात आणि आलेले भुंगेरे खातात, म्हणून कापडाची खालची कड जमिनीपासून वीतभर उचला. दहाला दिवा बंद करून कापडावरचे सगळे अलगद झाडीत झटका.

फोटो आणि नमुने

पारदर्शक डबीत ओल्या टिश्यूसह ठेवा. वरून, बाजूने, चेहरा, पोट, आणि पायाची टोकं, असे पाच फोटो, मोजपट्टीसह. पायाच्या टोकाला किती खंड आहेत आणि मिशांचे किती, यावर कुळ ठरतं. नुसत्या पाठीच्या सुंदर फोटोवरून बऱ्याच जाती कधीच ओळखता येत नाहीत. फार वळवळत असेल तर बर्फाच्या डब्यात पाच मिनिटं, जास्त नाही. मग पकडला तिथेच सोडा.

नमुना ठेवण्याची परवानगी असेल तरच, आणि तेवढाच, सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनएसाठी एक पाय वेगळा, पंचाण्णव टक्क्यांत. टाचणी उजव्या कवचपंखातून (वरच्या कडक पंखातून). लेबल पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या शाईने: राज्य, जिल्हा, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत, गोळा करणारा. जुलैत मुंबईच्या हवेत टाचलेल्या नमुन्यावर आठवड्यात बुरशी येते, म्हणून पेटी घट्ट बंद आणि आत सिलिका जेल. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये तापवून परत वापरा.

शून्याची नोंद

ज्या फेरीत काहीच सापडलं नाही तिचा कागद फेकून देणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. समजा, भुंगेरा त्या जागी आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता तीस टक्के आहे. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता तरीही सुमारे चौतीस टक्के उरते, पाच फेऱ्यांनंतर सतरा, आणि आठव्या फेरीनंतर कुठे ती सहा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तीन फेऱ्या करून ‘इथे नाही’ असं लिहिणाऱ्याला तसं लिहिण्याचा हक्क नाही. प्रत्येक फेरीला वेळ, माणसं, सापळा-रात्री, हवामान आणि शून्य, सगळं लिहा.

दुर्मीळ जातीची नेमकी जागा सार्वजनिक संकेतस्थळावर टाकू नका. तिथे ठिकाण धूसर ठेवायची सोय असते, ती वापरा. अचूक आकडे वनविभागाला आणि संग्रहालयाला द्या. मोठे, चमकदार भुंगेरे विकणारे लोक या नोंदी वाचतात.

शेवटच्या दिवशी रोवलेल्या आणि उपसलेल्या कपांची संख्या यादीवर जुळवा. एक कप कमी आला तर परत जा; मातीत विसरलेला उघडा कप पावसाळाभर किडे मारत राहतो. खड्डे त्याच मातीने भरा, वर पाला पसरा, खुणेच्या फिती सोडवून घ्या आणि बूट नि कुदळ पुढच्या जागी नेण्याआधी धुवा.